कोंबड्या माझ्या, खुराडं बावतीसचं

बावतीसने मला फसवलं. तेही मीच घातलेल्या अटींवर.

हा बावतीस गिरीज गावातला माझा शेजारी. त्याची केळीची वाडी आणि माझं परस यांच्यामध्ये कुंपण आहे, आणि कुंपणाला कोंबडी जाईल एवढं भोक आहे. (ते कोणी बुजवायचं यावर आमचा वाद चालू आहे. कुंपण त्याचं आहे!) मी फुलपाड्याच्या गल्ल्यांतून सायकलवर भाजी विकत विकत स्वतःच्या टाइल्सच्या दुकानापर्यंत पोचलेला माणूस. घासाघीस केल्याशिवाय मी मेणबत्तीसुद्धा घेत नाही. अशा माणसाला फसवणं सोपं आहे का?

घर बांधून झालं तेव्हा माझी बायको फिलू म्हणाली, "परसात कोंबड्या पाळू." मी पाळल्या. म्हणजे विकत आणल्या. खुराडं बांधून आत उरलेल्या टाइल्सही बसवल्या. पण खुराड्यातली घाण काढायची वेळ आली, तेव्हा मला दुकानातली कामं आठवली.

केळीला कोंबडीचं खत मानवतं हे मला ठाऊक होतं. मी बावतीसला गाठलं.

"खत फुकट ने. बदल्यात दर शनिवारी खुराडं साफ करायचं."

"करीन."

इतक्या लवकर हो? म्हणजे मी कमी मागितलं!

"खाली नवं तूस पसरायचं. तूस तुझं."

"पसरीन."

"कडेने चुना मारायचा. चुनाही तुझा!"

"मारीन की, शेट. अजून काही?"

अजून काही मला सुचलं नाही, याचं दुःख आजही आहे.

बरेच महिने सगळं सुरळीत चाललं. मग पावसाळ्यात बावतीसची कंबर धरली. एक शनिवार गेला, दुसराही गेला. खुराड्याचा वास स्वयंपाकघरात शिरला. आत पिसवा इतक्या झाल्या की कोंबड्या दारातच उभ्या राहून अंग टोचत बसायच्या.

फिलू म्हणाली, "मी काढू का घाण?"

"खबरदार! तू हात लावलास तर करार मोडेल. ते त्याचं काम आहे."

"अरे, तो बिचारा अंथरुणावर पडलाय!"

"मग कंबरेचं कलम त्याने आधीच घालून घ्यायला हवं होतं!"

फिलू माझ्याकडे नुसती बघत राहिली. धंद्यात समोरचा गप्प झाला की सौदा पटला असं मी समजतो. इथेही तेच समजलो.

पुढच्याच आठवड्यात एका संध्याकाळी एकही कोंबडी घरी आली नाही.

मी कुंपणातून घुसलो. (भोक कोंबडीच्या मापाचं, मी दुकानदाराच्या मापाचा. शर्ट फाटला.) पलीकडे झावळ्यांचं एक जुनाट, पण लख्ख झाडलेलं खुराडं. आत माझ्या सगळ्या कोंबड्या! आणि शेजारी माझी निळी खुर्ची! व्हरांड्यातून चोरीला गेली म्हणून जिच्यापायी मी केबलवाल्याशी भांडलो होतो, तीच. तिच्यावर फिलू बसली होती. समोर बावतीस कंबरेला फडकं बांधून, शेजारी त्याची बायको, आणि तिघांच्या हातात चहा.

"ही खुर्ची माझी आहे!"

"हो," फिलू म्हणाली. "केव्हाची इथेच असते. संध्याकाळी मी बोलायचं कोणाशी? तू घरी येतोस तोच फोनवर भाव करत."

खुर्चीचा विषय मी तूर्त बाजूला ठेवला. कोंबड्यांचा जास्त गंभीर होता.

"बावतीस, चोरा! माझ्या कोंबड्या दे!"

"ने की. मी काय बांधून घातल्यात?"

मी एकीला धरलं. तिने असा आरडाओरडा केला की चोर मीच वाटलो.

"ओळखत नाहीत त्या तुला," बावतीसची बायको म्हणाली.

"मला ओळखत नाहीत? त्यांचा दाणा कोण विकत आणतं?"

"मग त्यांना बिल दाखव," फिलू म्हणाली.

माझं डोकं फिरलं. मी जाहीर केलं की उद्या दिवेलागणीला कोंबड्या कुंपणाच्या भोकाशी सोडायच्या. ज्याच्या खुराड्यात जातील, त्याच्या. आणि हरणाऱ्याने दर शनिवारी जिंकणाऱ्याचं खुराडं साफ करायचं! (ही अटही माझीच.)

दुसऱ्या दिवशी मी माझ्या खुराड्यात फिनेलची अख्खी बाटली ओतली आणि संध्याकाळी गिऱ्हाइकांसाठी राखून ठेवलेल्या गोड आवाजात "या, या, बसा!" म्हणालो. बावतीसने जिभेने नुसतं टकटक केलं. सगळ्या त्याच्याकडे धावल्या. तांबडी तेवढी थबकली. भाव ऐकून काढता पाय घेणारं गिऱ्हाईक बघतं तसं तिने माझ्याकडे पाहिलं, आणि तीही गेली.

तेव्हापासून दर शनिवारी मी बावतीसच्या खुराड्यात वाकलेला असतो. खत त्याच्या केळीला जातं. तो माझ्या मागे उभा राहून सांगतो, "शेट, कडेचा चुना राहिला." पण आता मला कळतं की तांबडीला झोपायला कोपराच लागतो, आणि काळी तिला चिकटल्याशिवाय डोळे मिटत नाही. माझ्याच परसात होत्या तेव्हा यातलं काही मला माहीत नव्हतं.

गेल्या शनिवारी काम आटोपून निघालो, तर तांबडी माझ्या मागे मागे थेट माझ्या दारापर्यंत आली! पलीकडून बावतीस ओरडला, "शेट, माझी कोंबडी फूस लावून नेलीस!" मला इतका आनंद झाला की मी उलट शिवीसुद्धा दिली नाही. "फिलू, बघ कोण आलंय!" म्हणत व्हरांड्यात धावलो.

व्हरांड्यात कोणी नव्हतं. निळी खुर्ची अजून पलीकडेच होती.

बावतीसने मला फसवलं, ते मी कधीतरी वसूल करीनच. पण एक कोंबडी दारात यायला मला इतके शनिवार वाकावं लागलं, तर ती खुर्ची परत यायला काय काय साफ करावं लागेल? याचं उत्तर कोणीतरी मला द्यायलाच हवं. बावतीसने द्यावं, फिलूने द्यावं, नाहीतर त्या तांबडीने द्यावं. आयुष्यात पहिल्यांदाच सांगतो, म्हणाल त्या भावाला घेईन!