आडवे व्हा, रायटरसायेब

"आडवे व्हा, रायटरसायेब."

एवढं बोलून ती बोटानं जमीन दाखवायची. गांधीलमाशी चावलेल्या माणसाला कसं वाचवायचं, याची तिची शिकवणी दर वेळी अशीच सुरू व्हायची. मी टोपी टेबलावर ठेवायचो, पट्टा सैल करायचो आणि ठाण्यातल्या सतरंजीवर पाठ टेकायचो. समोर पंधरा-वीस शिपाई, दोन जमादार आणि दारात उभा चहावाला. तुम्ही म्हणाल, कोणालातरी पेशंट व्हावंच लागतं. खरं आहे. पण पहिल्या दीड-दोन वर्षांत माझ्याशिवाय दुसरा पेशंट तिनं घेतला नाही.

ती सरकारी दवाखान्यात नर्स होती. आम्ही सगळे तिला सिस्टर म्हणायचो. शरीरानं काटकुळी, आवाज मात्र असा की परेडचे हवालदार गप्प बसावेत. खांद्याला रेक्झिनची पिशवी, पिशवीत रिकामी सिरिंज, घड्याळ आणि लाल शाईचा जाड पेन. त्या पेनानं ती माझ्या हातांवर आणि गळ्यावर अंगावर उठतात तशा गांधी काढायची, ओठांभोवती सूज काढायची. शाई दोन दिवस जायची नाही. पहिल्यांदा तसाच घरी गेलो तर बायको म्हणाली, "हे काय थोबाड रंगवून आले? नाटक हाये काय ठाण्यात?"

"काय दिसून राह्यलं?" ती विचारायची.

शिपाई एका सुरात सांगायचे. ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, घशात शिट्टी वाजते, डोळ्यापुढं अंधारी.

"मंग?"

आडवं करायचं. पाय उंच. दम लागत असेल तर डोकं थोडं वर, पण उभं करायचं नाही, चालवायचं नाही; रक्त पायात उतरतं, हृदयाला पुरत नाही. दवाखान्यात फोन करायचा, सुई भरून ठेवा म्हणायचं. तोंडात काही घालायचं नाही.

"मिठाचं पानी?"

"नाही, सिस्टर."

मग ती चुकीची रीत दाखवायची. दोघांनी मला काखेत धरून उचलायचं आणि बाकावर नीट बसवायचं. ती माझी नाडी धरायची, घड्याळाकडं पाहायची आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "गेला." एका शिकवणीत असं दोनदा व्हायचं. शिपाई हसायचे, मीही हसायचो.

सुरुवातीला आमच्या लोकांना हे सगळं खूळ वाटलं. एक जमादार तोंडावर म्हणाला, "सिस्टर, माशी चावून मानूस मरते काय?"

"तुमच्या कागदात नाही मरत," ती म्हणाली.

त्या दिवशी निघताना तिनं माझ्या टेबलावरचं रजिस्टर उलटं करून पाहिलं. "अक्षर लई सुंदर हाये तुमचं, रायटरसायेब." मी ठाण्यात रायटर, म्हणजे पंचनामे आणि बयानं लिहिणारा शिपाई. अक्षराची स्तुती कोणाला नको असते? मी खूश झालो. माझं अक्षर तिनं आधी कुठं पाहिलं होतं, हे मला दीड वर्षानं कळलं.

सिस्टर यायच्या आधीची ती कापसाची वाईट वर्षं होती. त्या वर्षांत आमच्या जीपमध्ये मिठाचा पुडा आणि पाण्याची बाटली कायम असायची. शेतात माणूस पडला अशी खबर आली, की तो औषध प्यायला, हे जीप चालू होण्याआधीच ठरलेलं असायचं. औषध म्हणजे फवारणीचं. मिठाचं पाणी पाजायचं, ओकायला लावायचं, झोपू द्यायचं नाही, बसवून यवतमाळला पळवायचं. काही जण वाचायचेही. त्यामुळं आपण करतो तेच बरोबर असं आम्हाला वाटायला लागलं होतं.

अशाच एका दुपारी खबर आली. रस्त्याकडेच्या पऱ्हाटीत, म्हणजे उभ्या कापसात, एक तरुण लाईनमन पडलेला. विजेच्या खांबावरची पेटी उघडी होती. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, फवाऱ्याचा पंप आणि औषधाचा डबा होता, शेत सकाळीच फवारलेलं. सोबतच्या जमादारानं त्याच्या शर्टाचा वास घेतला आणि म्हणाला, "औषध पेला." त्याच्या मानेवर, कानामागं गांधी उठल्या होत्या. मी विचारलंही, हे काय. जमादार म्हणाला, "मुंगळे चावले असतील. बसव त्याले." आम्ही पाणी पाजलं आणि जीपमध्ये त्याला दोघांच्या मधे बसवलं. एका बाजूनं मी धरलं होतं. यवतमाळ यायच्या आत तो गेला. मी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून पंचनामा लिहिला, विषारी औषध प्राशन केल्यामुळं. आठ महिन्यांनी तपासणीचा अहवाल आला. पोटात विष नव्हतं. जमादार म्हणाला, "फायलीले लाव. आता उकरून काय करतं?" मी लावला. त्याच्या घरी कोणालाही कळवलं नाही.

तो तिचा भाऊ होता.

हे मला कळलं ते आर्णीच्या एका मेकॅनिकमुळं. आमच्या हद्दीत बंद पडलेला ट्रॅक्टर दुरुस्त करताना त्याच्यावर आग्या मोहोळ उठलं. आमच्या दोन शिपायांनी त्याला धुऱ्यावरच आडवं केलं, पाय टायरवर ठेवले, फोन केला. दवाखान्याच्या दारात सुई तयार होती. पंधरा दिवसांनी तो बालुशाहीचा डबा घेऊन ठाण्यात आला. "साहब, मी उठू पाहे, तर तुमचे लोक उठूच देत नव्हते. एकजण तर छातीवरच बसत होता." सगळे हसले. सिस्टर त्याच्या मागं उभी होती. ती हसली नाही. ती माझ्याकडं पाहत होती.

तो गेल्यावर तिनं मला बाहेर लिंबाखाली बोलावलं आणि सगळं सांगितलं. भावाच्या मानेवरच्या गांधी तिनं शवागारात पाहिल्या होत्या. खांबावरच्या पेटीत गांधीलमाश्यांचं पोळं होतं, तेही ती जाऊन पाहून आली होती. पंचनाम्याची नक्कल पिशवीच्या तळाशी होती, प्लास्टिकमध्ये. "भाऊ मारला तुमी," ती म्हणाली. "आता तुमच्याच हातानं मी मानसं वाचवून दाखवून राह्यली. जितके वाचतीन, तितक्या वेळा तुमाले समजलं पाह्यजे, का तोही वाचला असता."

सूड म्हणतात तो हाच. मी पोलिसात बरेच सूड पाहिले, कुऱ्हाडीचे, विळ्याचे. इतका थंड डोक्याचा पाहिला नाही. मला तिची भीती वाटली आणि लाजही वाटली. मी म्हटलं, लेखी देतो, वरिष्ठांना सगळं लिहून देतो.

"ते द्याच," ती म्हणाली. "पन माह्या मायले तोंडानं सांगा. त्याच हप्त्यात तिनं त्याच्या पसंतीच्या पोरीले नाही म्हटलं होतं. आपल्यामुळं पोरगं औषध पेलं, असं धरून बसली हाये. कोनाच्या लग्नाले जात नाही. मी सांगतलं तर म्हनते, पोलिसाचा कागद खोटा असते काय. वर्दीत या."

बोरी अरबच्या पुढं त्यांचं गाव. मी वर्दीत गेलो. म्हातारी ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी खाली बसून सगळं सांगितलं, वासापासून अहवालापर्यंत. तिनं हातातली शेंग ठेवली नाही.

"म्हंजे माह्यामुळं नाही गेला?"

"नाही, माय. तुमच्यामुळं नाही."

तिनं भिंतीपलीकडच्या शेजारणीला हाक मारून तेच सांगितलं. "आयकलं काय व, माह्यामुळं नाही गेला." मग माझ्याकडं वळून विचारलं, "काही बोलला काय तो?"

इथं मी खोटं बोलू शकलो असतो. घसा सुजला होता, बोलता येत नव्हतं, म्हटलं असतं तर कोणी पकडलं नसतं. जीपमधल्या दुसऱ्या दोघांनी कधीच तोंड उघडलं नव्हतं.

"मले पडू द्या, म्हने," मी म्हणालो. "दोनदा म्हने. मी म्हटलं, झोपू नको, बस. अन् धरून ठेवला."

सिस्टर त्याच वेळी माझ्यासाठी पाण्याचा पेला घेऊन आतून येत होती. ती उंबऱ्यात थांबली. मग पेला घेऊन परत आत गेली. म्हातारी शेंगा सोलत म्हणाली, "शाळेतून आला का आंदी आडवाच पडे तो. दप्तर अंगावर ठिवून."

लेखी दिलं त्याची चौकशी झाली, माझी बढती अडकली. जीपमधला तो जमादार तोवर पेन्शनवर गेला होता, त्याला कोणी काही विचारलं नाही. त्याचा राग मला आजही आहे.

पुढच्या शिकवणीला मी नेहमीसारखी टोपी काढली, पट्टा सैल केला आणि सतरंजीकडं गेलो.

"तुमी नाही," ती म्हणाली. "तुमी तिकडं. भिंतीजवळ. उभे राहा."

नवा शिपाई आडवा झाला. मी दोन तास उभा राहिलो. कोणीतरी खुर्ची सरकवली तेव्हा ती लाल पेन चालवता चालवता, वर न पाहता म्हणाली, "त्याइले खुर्ची देऊ नका." तिची बदली होईपर्यंत प्रत्येक शिकवणीत हेच. माझ्याशी ती पुन्हा कधी बोलली नाही. मागच्या वर्षी ती वारल्याचं कळलं, तेही एका मेडिकलवाल्याकडून.

आता ही शिकवणी एक तरुण डॉक्टर घेतो. पडद्यावर चित्रं दाखवतो, छान समजावतो. माझ्या नोकरीचे थोडेच दिवस उरलेत, गुडघे दुखतात. परवा मला भिंतीजवळ पाहून तो थांबला. "काका, बसा ना. खुर्च्या रिकाम्या आहेत."

"नको," मी म्हणालो. "मले उभं राहाले सांगितलं हाये."

कोणी सांगितलं, हे त्यानं विचारलं नाही.