आईच्या ओटीतला कापूस

मैत्रिणींनो, क्लास संपून दोन तास झाले, पण माझी वही अजून त्याच पानावर उघडी आहे.

देवळीजवळच्या आमच्या गावात मी घराच्या अंगणात मुलींना इंग्रजी शिकवते. आज ‘सायफन ऑफ’ घेतलं. एका कामासाठीचा पैसा किंवा वस्तू गुपचूप, थोडीथोडी करून दुसरीकडे वळवणं, असा अर्थ सांगितला. बहुतेक वेळा हे घोटाळ्याच्या बातम्यांत वाचायला मिळतं, हेही सांगितलं. मग म्हटलं, आता घरातलं उदाहरण द्या.

बाजूला तूर निवडत बसलेली आई म्हणाली, “मी सांगू का? तू वावराच्या धुऱ्यावर, बांधावर पुस्तक घेऊन बसे, तवा मी माह्या ओटीतला कापूस तुह्या गाठोड्यात टाको.”

मला हे आजवर माहीतच नव्हतं. तेव्हा आम्ही दोघी कमरेला ओटी बांधून मालकाच्या शेतात कापूस वेचायला जायचो. वेचणीत मागे पडलीस तर कॉलेज बंद, अशी बाबांची अट होती. संध्याकाळी मालकाच्या काट्यावर माझं गाठोडं बरोबर भरायचं आणि मला वाटायचं, आपला हात चपळ आहे.

“मंग काकू, तुम्हीबी सायफन ऑफच केलं,” एक मुलगी हसत म्हणाली.

“काऊन? माह्याच ओटीतला होता ना कापूस. चोरी कायची?”

आईचं बरोबर होतं. मी फळ्यावर लिहिलेलं तिचं उदाहरण पुसलं. तिनं जे केलं त्याला कोणता शब्द लावायचा, ते मला अजून सुचलेलं नाही.

घरातली पहिली पदवीधर म्हणून माझं कौतुक होतं. तुमच्या गाठोड्यात कुणी कापूस टाकला होता? घरी कधी विचारलंत?