खंडेनवमीला विमानाचं इंजिन

विलायतेतल्या त्या कंपनीची आठवण निघाली की आजही माझं डोकं फिरतं. विमानाची इंजिनं बनवणारी कंपनी. लढाईचे दिवस, राज्य निजामाचं. कंपनीचा गोरा साहेब एक इंजिन घेऊन नांदेडला आला होता आणि कचेरीच्या मैदानात शामियाना ठोकून ते मांडलं होतं. कचेरीतला मुन्शी उर्दूतून कंपनीचं कौतुक सांगे : एका पत्र्याच्या शेडात सुरू झालेला धंदा, आता देशोदेशी कारखाने, नुसत्या धातूंवर संशोधन करायला पगारी विद्वान, आणि जगात असा समुद्र नाही की ज्यावरून यांचं इंजिन उडालं नाही! ते इंजिन उघडून परत जोडायच्या परीक्षेत जो उतरेल त्याला विलायतेला नेऊन शिकवणार होते.

माझा थोरला भाऊ उमरीच्या जिनिंगमध्ये इंजिनवर होता. विलायतेच्या नुसत्या कल्पनेनंच त्याची झोप उडाली.

शुक्रवारी तो रेल्वेनं नांदेडला माझ्या घरी आला. शुक्रवार म्हणजे संस्थानची सुट्टी, कचेरी बंद. शनिवारी नावं घेतली. रविवारी परीक्षेला गेला, तर साहेबाचा प्रार्थनेचा वार; त्या दिवशी तो कामाला हात लावत नाही म्हणे. दादा मुकाट्यानं परत आला. "ज्याचा त्याचा देव हाय," म्हणाला.

सोमवारी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारं धुऊन-पुसून पुजायची, चालवायची नाहीत. जिनिंगचं इंजिनसुद्धा झेंडूचा हार घालून बंद असतं. मी डबा घेऊन गेले तेव्हा साहेब पाना पुढे करून उभा होता आणि दादा हात जोडून मुन्शीला सांगत होता, "आज न्हाई जमायचं, मुन्शीजी. उद्या दसरा हाय, उद्या पहाटंच उघडतो. एक दिवस थांबा म्हणावं."

मुन्शीनं सांगितलं. साहेब खो खो हसला. असल्या समजुती पाळणाऱ्यांच्या हातून विमानं उडत नाहीत, असं काहीतरी बोलला, ते मुन्शीनंच आम्हाला सांगितलं, आणि साहेबानं पाना पुढच्या माणसाला दिला. संपली दादाची विलायत!

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जगभर पोचलेल्या कंपनीला एवढं कळू नये? पदर खोचून मी पुढे झाले. "काल तुमचा वार हुता, आम्ही हसलो का? शुक्रवारी कचेरी बंद हुती, काही बोललो का? मग आमच्याच दिवसाला काय धाड भरली?"

मुन्शीनं घसा साफ केला आणि साहेबाला इंग्रजीत दोन शब्द सांगितले. साहेबानं माझ्याकडे बघून हसत टोपी उचलली, "थँक्यू" म्हणाला. मी जणू त्याचे उपकार मानले होते.

दादानं मला दंडाला धरून बाहेर आणलं. "कशाला बोललीस गं," एवढंच म्हणाला आणि तोंड फिरवून रडला. साहेबाला माझी भाषा येत नव्हती, त्याला एक वेळ सोडून देईन. मुन्शीला दोन्ही येत होत्या. आणि त्याच्या कपाळावर त्या सकाळच्या पूजेचं गंध तसंच होतं.