माळवदावरची अंबाडी

आमच्या घराच्या माळवदावर मी काळी माती टाकली.

आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसाला एवढं एकच वाक्य पुरतं. तो आधी कपाळाला हात लावतो आणि मग "मेलं का कोणी?" असं विचारतो. पण सिमेंटच्या स्लॅबखाली वाढलेल्यांना थोडं फोडून सांगावं लागेल.

गोष्ट निजामी अमदानीतली. आखाडा बाळापुरात तेव्हा घरं मातीची आणि छपरं सपाट. त्या सपाट छपराला माळवद म्हणायचं. लाकडी सरांवर, त्या आडव्या तुळयांवर, किलचं, म्हणजे लाकडाच्या चिपा, दाटून बसवायच्या, त्यावर पाला आणि सगळ्यात वर पांढरी माती. ही पांढरी मोठी मानी. पाणी पडलं की अंग आवळून घेते, थेंब आत येऊ देत नाही. उन्हाळा सरता सरता तिचा एक थर दिला की घर वर्षभर निर्धास्त. त्या माळवदांवर मिरच्या वाळायच्या, कुरडया वाळायच्या, भांडणं वाळायची. आणि जमिनीला पाय न लावता, या माळवदावरून त्या माळवदावर टांग टाकत, कोणाच्या घरी काय शिजतंय ते हुंगत गल्लीच्या दुसऱ्या टोकाला जाता यायचं. (मी जायचो. त्यामुळे कोणाकडे ऐन जेवणाच्या वेळी निरोप द्यायला जायचं, हे मला आधीच कळायचं.)

त्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीचं, सुंदीचं, लग्न जमवणं चाललं होतं. मागल्या पावसाळ्याच्या तोंडी एक स्थळ येऊन गेलं होतं. बैठकीत बोलणी रंगात आली असताना मुलाच्या मामाच्या टकलावर वरून टपकन थेंब पडला. मामा सरकले. थेंबही सरकला. मामा पुन्हा सरकले, आणि असे सरकत सरकत जे दाराबाहेर गेले ते परत आलेच नाहीत. वर गावभर सांगत सुटले, "ज्यांना डोक्यावरचं सांभाळता येत न्हाई, ते सोयरीक काय सांभाळतील?" तेव्हापासून सुंदी उंबऱ्यावर गप्प बसून राहायची, आणि आमचे आप्पा दुकानातल्या काट्यात गूळ ठेवून वजन टाकायचं विसरायचे. आता हट्टा गावचं चांगलं घर सांगून आलं होतं. दसरा झाला की पाहुणे घर बघायला येणार होते. हेही गेलं तर पुढं कोणी फिरकणार नाही, हे घरात प्रत्येकाला ठाऊक होतं.

आप्पा म्हणाले, "यंदा गवंडी बोलावतो."

मी तेव्हा नुकताच मॅट्रिकला बसून आलो होतो. (बसून एवढंच. उठलो तेव्हा नापास होतो.) घरात काहीतरी करून दाखवायची मला भयंकर गरज होती.

"गवंडी काहून लागतो, आप्पा? मी करतो ना!"

"तू?" आप्पांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "गोठ्याचं दार तूच बसवलं होतं ना?"

"व्हय."

"ते उघडत न्हाई."

"पण चोर शिरला का आत?"

"चोर न्हाई. गायही न्हाई शिरली!"

पण पेरणीआधीच्या मशागतीत गवंडीही शेतात गुंतलेला. शेवटी काम माझ्याच गळ्यात पडलं, किंवा खरं सांगायचं तर मी त्याच्या गळ्यात पडलो.

पांढरी माती मिळायची ओढ्यापलीकडच्या उजाड टेकाडावर. तिथं गाडी न्यायची, खणायची, भरायची, आणायची. ऊन मी म्हणत होतं. मी टेकाडाकडे पाहिलं, मग आमच्या खळ्याच्या कडेला पडलेल्या काळ्या मातीच्या ढिगाकडे पाहिलं, आणि माझं डोकं चालायला लागलं. (आमच्या घरात याला सगळे घाबरायचे.)

"माय," मी म्हणालो, "काळ्या रानात पावसात गाडीचं चाक रुतलं तर निघतं का?"

"न्हाई निघत. काहून?"

"जी माती लाकडाचं एवढं मोठं चाक सोडत न्हाई, ती पाण्याचा इवलासा थेंब खाली सोडील?"

माय भाकरी थापत होती. तिनं हात थांबवला. "दत्त्या, आमचे आजे-पणजे काय येडे होते, पांढरी आणायला?"

"त्यांना कोणी विचारलं नव्हतं, माय!"

"तुला कोणी विचारलं?"

मोठ्या विचारांना घरातून असाच विरोध होतो, असं म्हणून मी टोपली उचलली. ढीगच्या ढीग माती वर नेली, पसरली, पाणी मारलं, लाकडी चोपण्यानं ठोक ठोक ठोकली. शेजारचे करीमचाचा पिंजारी आपल्या माळवदावर कापूस उन्हात घालत होते. मातीचा रंग पाहून त्यांची दाढी हलायला लागली.

"दत्तू मियाँ, ये क्या कर रै? छत डाल रै कि खेत?"

"नवीन तऱ्हा आहे, चाचा!"

"हौ, हौ," चाचा म्हणाले, "बैल कब चढाते, बोलना. देखने आतूँ."

आणि मग पावसाळा आला, आणि, अहो, घर गळलं नाही! एक थेंब नाही! काळी माती पाणी पिऊन टम्म फुगली आणि भेगा बुजवून बसली. मी बैठकीत मांडी घालून वर पाहायचो आणि आप्पांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणायचो, "कोरडं! खडखडीत!" गल्लीत कोणाच्या घरी परात, कोणाच्या घरी घमेलं टिपटिप वाजत असायचं. मी मुद्दाम त्यांच्या दारावरून जायचो आणि हळहळायचो.

श्रावणात सुंदी धावत आली. "दादा, आपलं घर हिरवं होऊन राहिलं!"

मी शिडी चढलो. खळ्याच्या कडेला उन्हाळ्यात अंबाडी झोडली होती, आणि झोडताना उडालेलं सगळं बी त्या ढिगात पडलं होतं, हे मला तेव्हा उमगलं. माझ्या माळवदावर, या काठापासून त्या काठापर्यंत, दाट, तुकतुकीत, कौतुक करावं अशी अंबाडी उभी होती. शेतात आप्पा मर मर मरायचे तरी अशी उगवण होत नसे!

मग काय विचारता! गल्लीतल्या बाया शिडीवर रांग लावून अंबाडी खुडायला यायच्या. "वहिनी, तुमच्या घराची भाजी लई आंबट बाई!" असं माझ्या आईला ऐकवायच्या. आमच्या ताटात रोज अंबाडी. भाजी अंबाडीची, चटणी अंबाडीची, वरणात अंबाडी. आप्पा दुकानात बसले की रिकामटेकडे विचारायचे, "काय शेठ, घरात निंदण झालं का?" कोणी म्हणे पटवारी शिडी घेऊन पाहणीला निघाला आहे. आज त्या गल्लीत सगळ्या स्लॅबा झाल्या आहेत. भाजी बाजारातून येते, आणि कोण पिशवीत काय घेऊन चाललं हे कोणी कोणाला विचारत नाही. पण तेव्हा वर खुडणाऱ्या बायांच्या बांगड्या खाली बैठकीत ऐकू यायच्या, आणि माझी मस्करी चाललेली असूनही मला ते ऐकत बसावंसं वाटायचं.

आप्पांना मात्र ऐकत बसावंसं वाटत नव्हतं. "पाहुणे यायच्या आत ते रान उपट," ते म्हणाले.

मी गेलो. एक रोप धरलं आणि ओढलं. रोप आलं, मुळासकट आलं, मुळाला धरून पायलीभर माती आली, मातीला धरून दोन किलचं आली, आणि त्या भोकातून खाली मायचं तोंड दिसलं. ती दळत होती.

"काय रे?" ती वर बघून म्हणाली.

"काही न्हाई, माय," मी म्हणालो, आणि रोप होतं तिथं परत लावून टाकलं.

आता अंबाडी काढली तर माळवद निघतं, आणि ठेवली तर अंबाडी दिसते! त्यात दसऱ्याचं ऊन तापलं. काळी माती पावसात जशी फुगते तशी उन्हात फाटते. माळवदावर भेगा पडल्या, बैठकीत माती झरायला लागली, आणि एक सर दिवसभर "कट्ट… कट्ट…" बोलायला लागला. मी धावत जाऊन बाभळीचा एक टेकू आणला आणि त्या सराखाली, बैठकीच्या बरोबर मध्यभागी, ठोकून दिला.

"पाहुणे पुसतील, हे काय, तर काय सांगू?" आप्पा म्हणाले.

मी टेकूला मायचं जुनं लुगडं गुंडाळलं, झेंडूची माळ घातली. सुंदी लांबून बघून म्हणाली, "दादा, आता यालाच नवरदेव म्हणून दाखवू का?"

आणि पाहुणे आले. मुलाचे वडील तात्या, भलं मोठं पागोटं, मिशा झुबकेदार. असं ऐकलं होतं की हट्ट्यात त्यांना हसताना कोणी पाहिलं नव्हतं. बरोबर त्यांची थोरली बहीण, सगळे आत्याबाई म्हणत. आत्याबाई गल्लीतच थांबल्या. अंबाडीला तोवर पिवळीधमक फुलं आली होती.

"अगं बाई, घराच्या डोक्यात फुलं!"

"पोराची हौस," आप्पा म्हणाले.

बैठकीत तात्यांनी टेकूकडे पाहिलं, माळेकडे पाहिलं, आणि नमस्कार करून टेकूला वळसा घालून बसले. त्यांना वाटलं, कुळाचार असेल! सुंदी चहा घेऊन आली.

"नाव काय, बाई?" आत्याबाईंनी विचारलं.

"सुंदरा."

"सैपाकात काय येतं?"

"अंबाडीची भाजी," सुंदीच्या तोंडून गेलं. (बिचारीनं दोन महिने दुसरं काही शिजवलंच नव्हतं.)

तेवढ्यात वरून चिमूटभर माती तात्यांच्या चहात पडली. तात्यांनी कप पाहिला. मग वर पाहिलं.

"उंदीर," आप्पा घाईनं म्हणाले.

वर टक, टक, टक असे आवाज झाले.

"मोठा दिसतो," तात्या म्हणाले.

मी ओळखलं. ती करीमचाचांची शेळी, शहजादी! अंबाडी उगवल्यापासून चाचा तिला बांधून ठेवत होते, आज तिनं दावं तोडलं होतं. मी मागच्या दारानं निघालो आणि शिडी चढलो. पिवळ्या फुलांत शहजादी उभी होती, तोंडात डहाळी, आणि मीच तिच्या रानात शिरलो अशा नजरेनं माझ्याकडे बघत होती. ओरडायची सोय नव्हती, खाली पाहुणे होते. मी दबक्या आवाजात "हुर्र… हुर्र…" करत पुढं सरकलो. ती दोन पावलं मागं गेली. मी झेप घेतली.

टेकू होता तिथं माळवद टणक होतं. मी उतरलो ते टेकू नव्हता तिथं.

कडाड् आवाज झाला आणि मी कमरेपर्यंत आत गेलो! कंबर दोन सरांच्या मध्ये अडकली. माझा वरचा अर्धा भाग अंबाडीत आणि खालचा अर्धा बैठकीत, तात्यांच्या पागोट्यापासून वीतभर अंतरावर. धोतराचा सोगा वरच राहिला होता. शहजादीनं डहाळी टाकली आणि तो चघळायला घेतला. खाली पाहुणे माझे पाय पाहत होते, वर शेळी माझं धोतर खात होती, आणि जसजसं वर धोतर जात होतं तसतशी खाली माझी अब्रू जात होती.

खालचं मला सगळं ऐकू येत होतं.

"हे कोण?" तात्यांचा आवाज.

"आमचा थोरला," आप्पा म्हणाले. "दत्तू. म्हणजे… अर्धा."

गेलं, मला वाटलं. हेही स्थळ गेलं. मागचं एका थेंबानं गेलं होतं, हे तर अख्ख्या भावानं घालवलं! आणि तेवढ्यात कोणीतरी खुदकन हसलं. मग ते हसू आवरेना. सुंदी! बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर, हातात तबक घेऊन, पदर तोंडात कोंबूनही पोरगी खदखदा हसत होती.

"काहून हसली, पोरी?" तात्यांनी विचारलं. त्या आवाजानं माझे लोंबते पायसुद्धा ताठ झाले.

सुंदी हुंदका गिळावा तसं हसू गिळून म्हणाली, "मग काय करू? मी रडले तर दादा वर जाईल का?"

आणि मग आत्याबाईंचा हसण्याचा असा भडका उडाला की उरलेली माती झरली. "तात्या, हीच पोरगी पाहिजे रे आपल्याला! घर डोक्यावर येऊन राहिलं, अन् हसून राहिली! आपल्या घरी साधं दूध उतू गेलं तरी सुतक असतं!"

एवढ्यात चाचा शेळी शोधत वर आले, मला पाहून त्यांनी कपाळावर हात मारला. "या अल्ला! फसल के साथ किसान भी उग आया!" त्यांनी वरून बगलेत हात घालून ओढलं, खालून तात्यांनी पागोटं काढून ठेवून माझे तळवे खांद्यावर घेतले आणि रेटा दिला. मुलीच्या बघण्यात व्याह्याच्या खांद्यावर उभा राहिलेला मुलीचा भाऊ आमच्या अख्ख्या मुलखात मी एकटाच असेन!

अंगावर चाचांची लुंगी गुंडाळून मी बैठकीत आलो तेव्हा तात्या मिशांतली माती झटकत होते. आप्पांचा हात टेकूवर होता, टेकूला आधार द्यावा तसा.

"आप्पा," तात्या म्हणाले, "पोरगी पसंत. देण्याघेण्याचं आमचं काही म्हणणं न्हाई. अट एकच आहे."

"बोला ना!" आप्पांनी हात जोडले. "जे म्हणाल ते!"

तात्यांनी माझ्याकडे बोट केलं.

"लग्नाचा मांडव याला बांधू देऊ नका. अन् बांधलाच यानं, तर आमी अक्षता बाहेरूनच टाकू."