दोन बोटांचा फरक

मापबाईंची जीभ त्यांच्या कात्रीपेक्षा धारदार, असं गल्लीत म्हणत आणि ते खोटं नव्हतं. त्या शाळेचे गणवेश शिवायच्या. गिऱ्हाईक दारात आलं की आधी "सरळ उभी राहा गं, पोट आत ओढू नकोस!" आणि मग बाकीची चौकशी. शिवण मात्र अशी, की नाव ठेवायला जागा नाही.

म्हणून तर स्वतःच्याच लेकीचा, नऊ वर्षांच्या चिमणीचा स्कर्ट डावीकडे लोंबलेला दिसला तेव्हा बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "हातच चुकला मेला," म्हणत त्यांनी डावी बाजू बोटभर वर दुमडली. दोन महिन्यांनी पुन्हा तेच, पुन्हा बोटभर दुमड. तिसऱ्यांदा मात्र नवं कापड आणून नवा स्कर्टच शिवला. तोही तिरका! मग चिमणीलाच दटावलं, "एका पायावर काय उभी राहतेस, नीट राहा की!" पोरगी पाठ दुखते म्हणायची. गल्लीतले डॉक्टर म्हणाले, वाढीचं वय आहे. झालं, बाई पुन्हा मशीनवर बसल्या.

पण चैन पडेना. एका दुपारी त्यांनी तो नवा स्कर्ट टेबलावर पसरून मोजला. दोन्ही बाजू सारख्या, सूतभरही फरक नाही. अगं बाई, मग तिरकं काय आहे? त्यांनी चिमणीला पेटीकोटवर उभी केली, सुतळीला कात्री बांधली आणि मानेच्या मधोमध धरून खाली सोडली. सुतळी सरळ खाली गेली, पाठीचा कणा मात्र तिला सोडून बाजूला वळला होता. "आता जरा चालून दाखव," बाई म्हणाल्या. उजवं पाऊल उचललं, डावं लटकलं. बाईंनी मशीनवर झाकण घातलं.

मोठ्या दवाखान्यात जाताना त्यांनी मापांची वही बरोबर घेतली. डॉक्टरीणबाईंनी सुतळीची हकीकत ऐकली, चिमणीच्या गुडघ्यांवर हातोडी वाजवली, मग वही चाळली. "आठ महिन्यांतली मापं, तीही तारखेसकट? हे पाहिल्यावर मी थांबणार नाही. उद्याच एमआरआय करू."

मज्जारज्जूत गाठ निघाली. डॉक्टरीणबाईंनी कागदावर रेघ ओढून समजावलं. मेंदूपासून मणक्यांच्या आतून दोरीसारखी खाली जाते ती मज्जारज्जू, हातापायांना निरोप तीच पोचवते. गाठ त्या दोरीच्या आतच होती. ठेवली तर पाय जातील, काढतानाही जाऊ शकतात.

"आणि मी आठ महिने दुमडी घालत बसले! मी आई की वैरीण हो?"

"अशी गाठ का होते, ते बहुतेक वेळा आम्हालाही कळत नाही. तुमच्या हातून काही झालेलं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पाठ दुखते म्हणणाऱ्या बहुतेक मुलांना काहीच नसतं, म्हणून तर भलेभले फसतात. तुम्ही निदान सुतळी तरी लावलीत."

ऑपरेशन सहा तास चाललं. बाईंचा नवरा बेकरीत भट्टीवर काम करायचा, मुळातच अबोल माणूस. तो चिमणीच्या चपला मांडीवर घेऊन बसून राहिला. गाठ निघाली. पाय हलत होते, पण डावा फारच लुळा. चालेल का, याचं उत्तर कुणी देईना. आठवड्याने रिपोर्ट आला, गाठ कॅन्सरची नव्हती. अधूनमधून तपासणी मात्र करावी लागणार होती. बाईंनी तो रिपोर्ट तीनदा वाचून घेतला. अर्धा जीव भांड्यात पडला, अर्धा त्या डाव्या पायापाशी अडकून राहिला.

दवाखान्यातच रोज चिमणीकडून व्यायाम करून घ्यायला एक ताई यायची. बाकी वेळ बाईच चिमणीला उचलून न्यायच्या, न्हाणीघरापर्यंतसुद्धा. तिसऱ्या आठवड्यात, दुपारी खुर्चीत बाईंचा डोळा लागला. दचकून पाहतात तर पलंग रिकामा! न्हाणीघराला आतून कडी होती.

"चिमणे!"

"ओरडू नकोस गं. भिंत धरून आले मी."

"कडी कशाला लावलीस? पडशील ना!"

"आई, बाहेर थांब ना जरा. मला लाज वाटते."

सगळ्या गल्लीला गप्प करणाऱ्या मापबाईंनी दारावरचा हात काढला. दाराला पाठ टेकून त्या मटकन खाली बसल्या आणि हुंदके देऊन रडायला लागल्या. नर्स धावत आली, "काय झालं हो?"

"काही नाही, काही नाही," नाक पुसत, हसत बाई म्हणाल्या, "आमच्या बाईसाहेबांना लाज वाटतेय!"