एकोणशंभर

बातमी शमीमने आणली. दुपारी दारात उभी राहून ओढणी सावरत म्हणाली, "बाई, इंदूबाई गेल्या... जेवून जरा आडव्या झाल्या होत्या, त्या उठल्याच नाहीत." आणि माझ्या तोंडून काय निघावं? "अगं, पण संध्याकाळी वर्ग आहे ना!" मग आम्ही दोघी उंबऱ्यापाशीच बसून रडलो. याला आता दीड महिना होईल. मरण कोणालाही हेवा वाटावा असं आलं; पण मला त्यांचा रागही येतो. मला न सांगता त्या कधी भाजीलासुद्धा गेल्या नव्हत्या.

इंदूताई आणि मी नाशकात एकाच प्राथमिक शाळेत शिकवायचो. त्या माझ्याहून बऱ्याच मोठ्या. बहात्तरच्या दुष्काळानंतर शाळेचा पट फुगला. सटाण्याकडून कामाला आलेल्यांची, टांगेवाल्यांची, धुणीभांडी करणाऱ्या बायांची मुलं तिसरी-चौथीत बसायची आणि पाटी मात्र कोरी. शिक्षकांच्या खोलीत त्यांना सरसकट 'ढ' म्हणायची पद्धत होती. इंदूताईंनी त्यातली दहा-बारा संध्याकाळी आपल्या घराच्या ओट्यावर बोलावली. भिंतीचा एक पट्टा काळा रंगवून घेतला, झाला फळा! आधी डबा उघडून प्रत्येकाच्या हातावर गूळ-शेंगदाणे ठेवायच्या. म्हणायच्या, "आधी पोटोबा, मग पाढोबा." मी चिडवायचे, "पोरं पाढ्याला येतात की गुळाला?" त्यावर त्या शांतपणे म्हणायच्या, "गुळाला येऊ देत गं शैला. जाताना पाढा घेऊन जातील."

त्यांच्या तोंडी 'चूक' हा शब्द नव्हता. पोराने काही भलतंच लिहिलं की त्या विचारायच्या, "कसं बरं?" आणि मग गप्प. पोर सांगेपर्यंत गप्प. माझ्यासारख्या उतावळ्या बाईला ते बघवत नसे. पण त्या गप्प बसण्यातूनच त्यांना एकोणाचा घोळ सापडला. एकोणपन्नास म्हटलं की सगळी पोरं ५९ लिहायची. इंदूताई म्हणाल्या, "कानावर पन्नास पडलं की पोर पाचच काढणार. पोर नाही गं, शब्दच लबाड आहे." त्यांचा भाऊ निफाडला असे. त्याच्या द्राक्षबागेतल्या छाटणीच्या काड्या मागवून त्यांनी दहा-दहाच्या जुड्या बांधल्या. पाच जुड्या ठेवायच्या आणि एक काडी काढून घ्यायची. एकोण म्हणजे एक उणा. पुढे कोणी त्यांच्या पोरांना ढ म्हटलं की त्या ताडकन म्हणत, "ढ नाही, एकोण आहेत. एकोणतीसला तीस व्हायला एकच लागतो."

शमीम या पोरांतलीच. टांगेवाल्या रशीदभाईंची थोरली, तिसरीत एकदा नापास झालेली. रशीदभाई एकदा टांगा ओट्यासमोर उभा करून सांगून गेले, "बाई, या साली बी फेल झाली तर घरीच बसवतो. लहान पोरं सांभाळायला कोणी नाय." माणूस वाईट नव्हता, बायको आजारी होती. त्या दिवसापासून इंदूताईंचा जीव त्या पोरीत अडकला.

वार्षिक परीक्षेची तोंडी आमचे मुख्याध्यापक गुरुजी घ्यायचे. त्यांनी विचारलं, "अठ्ठ्याण्णवनंतर काय?" शमीम खणखणीत आवाजात म्हणाली, "एकोणशंभर!" सगळा वर्ग खो खो हसला. गुरुजींनी फुली मारायला पेन टेकवलं. दारात उभ्या असलेल्या इंदूताई आत आल्या. "गुरुजी, तिला विचारा तरी, कसं बरं?"

शमीमचे डोळे भरले होते. तशीच म्हणाली, "एकोण म्हंजे एक कमी. मग शंभरला एक कमी तर... एकोणशंभर का नाय?"

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग म्हणाले, "खरंच की. का नाही?" मराठीत एवढा एकच आकडा नियम मोडून नव्याण्णव होऊन बसतो, आणि आमच्यापैकी कोणालाही ते कधी खटकलं नव्हतं! गुरुजींनी तिला एकोणचाळीस, एकोणसत्तर, एकोणऐंशी असे सगळे एकोण पाटीवर लिहायला लावले. एकही चुकला नाही. शमीम चौथीत गेली. त्या संध्याकाळी इंदूताईंनी तिच्याकडून ओट्यावरच्या फळ्याच्या कोपऱ्यात तो शब्द लिहून घेतला. पुढे दर दिवाळीला भिंत रंगवली की शमीमला बोलावणं जायचंच. मी म्हणायचे, "चुकीचा शब्द काय मिरवता?" त्या नुसत्या हसायच्या. शमीम स्वतः शिक्षिका झाली त्या वर्षी मात्र ती शब्द लिहीत असताना इंदूताईंचेच डोळे वाहत होते.

इंदूताईंच्या भावाने ओटा वर्गासाठी राहू दिलाय. आता शमीम शाळा सुटल्यावर तिथे बसते. परवा मी न राहवून गेले. भिंत नव्याने काळी केलेली, कोपऱ्यात खडूने 'एकोणशंभर'. पुढचे दोन दात पडलेली एक नवी मुलगी बोट दाखवून ओरडली, "बाई, ते चुकलंय! नव्याण्णव असतं!"

शमीम वळली. "हो? कसं बरं?"

मुलगी विचारात पडली, आणि शमीम वाट बघत उभी राहिली. मी कोनाड्यातला गुळाचा डबा उघडला.