कारवीचा मध पिकेपर्यंत

डोंगरउतारावरची कारवी सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते. म्हणून यंदा ती फुलली तशी मी हट्टालाच पेटले होते, मध काढीन तर पिकलेलाच. लोणावळ्याजवळ वलवणला आमच्या परसात सातेरी मधमाश्यांची पेटी मीच आणलेली.

माझ्या सासूबाई, मी त्यांना आत्या म्हणते, दम्यानं बेजार होत्या. ओट्यावर बसून रोज एकच टुमणं. "पोळं भरलंय न्हवं? पीळ की मग! आमी डोंगरात तसंच पिळायचो."

"आत्या, कच्चा आहे अजून. नुसतं पाणी."

"मग मी मेल्यावर पिकव. पुढची कारवी कुटं बघणार हाये मी?"

वाईट वाटलं. रागही आला. पण कच्चा मध आंबतो. नाही म्हणजे नाही!

त्यात ही लोणावळ्याची हवा. धुकं हटेना, दोरीवरचे कपडे वाळेनात, आणि माश्या त्यातच रस सुकवत बसलेल्या. फुलातला पातळ रस पोटातल्या पिशवीतून आणायचा, घरातल्या माशीला तोंडानं द्यायचा, तिनं पुढचीला. असा तोंडातोंडी बदलत तो पोळ्यात ठेवायचा आणि पंखांनी वारा घालायचा. पाणी उडून रस दाटला की वर मेणाचं झाकण. झाकण बसलं की मध पिकला.

एका सकाळी हात धरून आत्यांना पेटीपाशी नेलं. त्यांनी कान लावला. आत अखंड घरघर.

"बया! ह्यांना बी माझ्यावानी धाप लागलीया व्हय?"

"धाप नाही, वारा घालतायत. थांबत नाहीत बघा."

त्यानंतर टुमणं बंद झालं. पण दमा वाढला, आत्या अंथरुणाला खिळल्या. नवरा म्हणाला, "अगं, आहे तसा चमचाभर दे ना तिला." मी पेटी उघडली. निम्मं पोळं उघडंच होतं. मी पेटीचं झाकण परत लावलं. आज कच्चा द्यायचा म्हणजे आत्या जाणार हे मीच कबूल करायचं. मुळीच नाही. त्यांच्या उशाशी जाऊन ठणकावलं, "पिकल्यावरच मिळेल. तोवर औषध घ्यायचं, मुकाट्यानं."

"लय खाष्ट हायेस," त्या पुटपुटल्या आणि गोळी घेतली.

ऊन पडलं. पोळ्यावर पांढरी झाकणं बसली. मी मध काढला तेव्हा आत्या उठून ओट्यावर येऊन बसल्या होत्या. त्यांनी मधात बोट बुडवून चाटलं आणि पुन्हा बुडवलं.

"पुढच्या कारवीला दोन पेट्या ठेव," त्या म्हणाल्या. "एकीत काय व्हतंय मला?"